धुरातील मते

मागील महिन्यात आमच्या मोटारीच्या धुरात माझी मते आढळली, आणि त्या कारणावरून तिला प्रदूषण-तपासणीचे प्रमाणपत्र नाकारण्यात आले.

मोटार सोळा वर्षांची आहे. तिच्या स्टिअरिंगमागील पिवळा दिवा लागला तेव्हा मी घाबरलो नाही, कारण मी वाचणारा मनुष्य आहे. शाळा सातवीत सुटली. पुढील सर्व शिक्षण चिपळूणच्या वाचनालयात, बहुतांशी उभ्याने झाले. मोटारीची पुस्तिका मी शब्दकोशासह वाचली होती, आणि बिघाडाचा संकेत सांगणारे लहानसे यंत्रही मागवले होते. त्यावर उमटले : 'मिश्रण दाट.' पेट्रोलच्या टाकीचे झाकण सैल असावे, असे मी निदान केले आणि झाकण बदलले. दिवा गेला नाही. मग मी तेच झाकण अधिक आत्मविश्वासाने बसवले.

पेट्रोलपंपाशेजारी नासिर परकार यांची तपासणीची व्हॅन उभी असते. त्यांनी धुराच्या नळीत सळई घातली आणि पडद्याकडे पाहिले.

"काका, कार्बन ठीक हाय. मतं जास्त आहेत."

"कसली मते?"

"नगरपालिका, टीव्हीवरचे बातमीवाले, हल्लीची आमटी. न जळताच बाहेर पडतायत."

मोटारीत माझी पत्नी सुलोचनाही बसते, तेव्हा ती मते तिची असणे शक्य आहे, असा मी खुलासा केला.

"काकूंची नाहीत," पडद्यावरची नजर न हलवता परकार म्हणाले. "एकेक वाक्य बघा केवढं. मध्ये श्वास पण नाय."

"गाडीत मला वाक्य मिळालंय कधी?" सुलोचना आतून म्हणाली.

परकारांनी कारण सांगितले. धूर गाळणाऱ्या नळकांड्यात आजवर पेट्रोलच्या वाफेबरोबर माझी मतेही जळून जात होती. आता ते तुंबले होते, आणि या मोटारीसाठी नवे मिळत नव्हते. उपाय एकच : संकेत पुसायचा, गुहागरपर्यंत जाऊन यायचे, आणि वाटेत चालकाने मत द्यायचे नाही.

"पण जपून," ते म्हणाले. "इंजिनाला पण सवय लागलेली असते. इतकी वर्षं थोडं पेट्रोल, थोडे तुम्ही."

या सूचनेकडे मी दुर्लक्ष केले, कारण ती पुस्तिकेत नव्हती.

प्रमाणपत्राची निकड होती. रविवारी सुलोचनाच्या थोरल्या भावाची, महादेवदादांची पंचाहत्तरी होती, आणि ते कुंभार्ली घाट चढून गेल्यावर, कोयनानगरला राहतात. प्रमाणपत्राविना मी मोटार घाटात घालत नाही.

"मी एसटीने जाईन," सुलोचना म्हणाली. "एकटीच. खिडकीशी बसेन आणि घाट बघत जाईन."

शेवटचे वाक्य तिने ज्या समाधानाने उच्चारले, त्याने मी फार अस्वस्थ झालो. मी गुहागरला जाऊन आलो. वाटेत एक अत्यंत चुकीचा गतिरोधक लागला. मी काहीही बोललो नाही. प्रमाणपत्र मिळाले.

रविवारी निघालो. मी मौन पाळले होते आणि सुलोचना बोलत होती. तिला रस्त्याकडेची झाडे नावानिशी माहीत आहेत, ही गोष्ट मला शिरगावच्या अलीकडे समजली. घाट सुरू झाला आणि मोटार दमू लागली. एका अवघड वळणावर ती थांबली, आणि पिवळा दिवा पुन्हा लागला. मी यंत्र जोडले.

"काय म्हणतेय?" सुलोचनाने विचारले.

"मिश्रण पातळ. पुरवठा अपुरा."

"कशाचा?"

मला उत्तर ठाऊक होते. अभिमानामुळे ते देण्यास वेळ लागला. मागे एक ट्रक कर्कश हॉर्न वाजवत होता.

"माझ्या मतांचा."

"मग बोला की! तिकडे सगळे ओवाळायला खोळंबलेत."

घाटाची आखणी विचारपूर्वक झाली आहे, असे मी म्हणालो. इंजिन खोकले. संरक्षक कठडे रंगवण्यास हरकत नसावी, असेही सुचवले. इंजिन बंद पडले.

"अहो, असली मिळमिळीत नकोत, पेटणारी द्या. एरवी आमटीवरून घर पेटवता!"

"मागणी केली की मत सुचत नाही," मी म्हणालो. हेही खरेच होते.

सुलोचनाने पदर आवळून घेतला, दरीकडे पाहिले आणि म्हणाली, "दादाबद्दल बोला."

हा विषय आमच्या घरात वर्ज्य आहे. ही मोटार आम्हाला महादेवदादांनीच मिळवून दिली. एका डॉक्टरांची आहे, फक्त रविवारी देवळापर्यंत जाते, असे त्यांनी सांगितले होते. प्रत्यक्षात ती कराडला मोटार शिकवणाऱ्या शाळेत होती, आणि निम्म्या तालुक्याने तिच्यावर क्लच दाबायला शिकून घेतले होते. त्या दिवसापासून माझे मत मी गिळून होतो.

"सगळे बोलू?"

"माथ्यापर्यंतचं बोला."

मी किल्ली फिरवली आणि प्रारंभ केला. पहिल्याच वाक्याच्या क्रियापदापर्यंत मोटार दुसऱ्या गिअरमध्ये आली. डॉक्टरांच्या उल्लेखाला तिसरा पडला. दादांच्या हसण्याविषयी बोलत असताना आम्ही ट्रकला बरेच मागे टाकले होते. माझी प्रतिभा इतकी उपयुक्त यापूर्वी कधी ठरली नव्हती.

माथ्यावर सुलोचनाने माझ्या हातावर हात ठेवला. "बास. आता सपाटी आहे."

मी वाक्य अर्ध्यावर सोडले. दिवा विझला होता.

दारात दादा उभे होते, नवा फेटा बांधून. मोटारीच्या बॉनेटवर थाप मारून ते आपले सुप्रसिद्ध हसणे हसले.

"काय भाऊजी! दिली होती ना गाडी एक नंबर? कुंभार्ली चढून आली की नाही, न थांबता?"

"तुझ्याच जोरावर आली रे दादा," सुलोचना म्हणाली, आणि ओवाळणीचे तबक घेण्यासाठी आत गेली.

मी काही बोललो नाही. परतीचा रस्ता उताराचा होता.