आरसा बघितला का?

गव्हाणे सर परगावी निघाले की घराची किल्ली माझ्याकडे देऊन जायचे. चोराची भीती म्हणून नव्हे. आपल्या मागे घर शिल्लक राहावं म्हणून.

"जाधव, रोज एकदा दार उघडून आत बघत जा. टेबल, कपाट, आरसा. आरसा बराबर बघा. बघणारंच कुणी नसलं, तर वस्तू आहे म्हनायला आधार काय?"

परतूरच्या कॉलेजात सर तत्त्वज्ञान शिकवत, मी वाणिज्य. नव्वदच्या सुमारास मी त्यांच्या शेजारी राहायला आलो, त्याआधीच सरांच्या पत्नी वारल्या होत्या. सर एकटे राहत आणि ब्रिटिश चिद्वादावर ग्रंथ लिहीत. जग आधी मनात, दगडमाती नंतर, असं मानणारं ते तत्त्वज्ञान. मी आलो तेव्हा ग्रंथ तिसऱ्या प्रकरणात होता, आणि तिथे तो चांगला रमला होता.

एकदा वर्गात घनसावंगीकडचा एक विद्यार्थी उठला. "सर, आमच्या उसात डुकरं येतात ती आम्ही बघत नसलो तवाच."

वर्ग हसला. सर त्याहून जोरात हसले. "बिलकुल बराबर! पन डुक्कर तर बघून राह्यलं ना? तुझ्या उसाचं डुकरावर भागलं!"

चहाच्या टपरीवर तर त्यांना कुणी अडवायचंच नाही. "विलायतेत पह्यले म्हनले, बघणारा आहे म्हनून वस्तू आहे. मागून आले ते म्हनले, मानूस एकटा मानूसच न्हाई, चार लोकांनी धरला म्हनून उभा आहे. मंग त्यांचे विद्यार्थी मजुरांच्या वस्तीत जाऊन राह्यले, त्यांना शिकवू लागले. म्हाताऱ्यांना सरकारनं पेन्शन द्यावी, ह्या विचारालाबी तिथूनच बळ आलं. नंतर तरण्या पोरांनी बंड केलं, कुनी बघो न बघो, टेबल म्हंजे टेबल! बंड केलं, पन पेन्शन न्हाई बंद केली."

मी मान डोलवायचो. घराकडे मात्र एकदाही बघायचो नाही. रिकाम्या घरात रोज जाऊन आरसा बघायला मला काय वेड लागलं होतं? सर परतले की विचारायचे, "आरसा बघितला का?" मी ठोकून द्यायचो, "सगळं जागच्या जागी!" सर किल्ली घेऊन आत जायचे.

मग सरांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं, औरंगाबादला. स्टेशनवर त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि हात सोडलाच नाही. "मी परत न्हाई आलो तरी बघत जा."

दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा ते दार उघडलं. आरशाच्या वरच्या कोपऱ्यात एक लाल टिकली चिकटवलेली होती. आमच्या घरीही आंघोळीला जाताना बायको अशीच टिकली आरशाला लावून जाते आणि आल्यावर काढून घेते. ही कुणी काढून घेतली नव्हती. मला माझीच भयंकर लाज वाटली.

त्यानंतर एक दिवस चुकवला नाही. आठव्या दिवशी टिकली जागेवर नव्हती. मी, वाणिज्याचा प्राध्यापक, गुडघ्यांवर रांगत तास-दीड तास फरशी चाचपत होतो. कपाटाखाली सापडली. डिंक लावून होती तिथेच चिकटवली.

तीन आठवड्यांनी सर आले. वाळले होते, पण प्रश्न तोच. "आरसा बघितला का?"

मी सगळं कबूल केलं. टिकली पडली होती, डिंकानं लावली, आणि याआधी मी कधीच बघितलं नव्हतं.

"ठावं होतं," सर शांतपणे म्हणाले. "ज्यानं आरसा बघितला, तो 'सगळं जागच्या जागी' म्हनून थांबत न्हाई. तो टिकलीचं विचारतो."

म्हणजे इतकी वर्षं ते त्या प्रश्नाची वाट पाहत होते. मी खुर्ची ओढून बसलो आणि विचारलं, "सर, वहिनी कशा होत्या?"

सर संध्याकाळपर्यंत बोलत होते. त्यात चिद्वाद एकदाही आला नाही.