तपासनीस बाईंची डुलकी

उत्तेजक द्रव्यांच्या चाचणीचे नियम मला तोंडपाठ आहेत! धावपटूचे हक्क कोणते, कर्तव्यं कोणती, झोपेतून उठवून विचारा. (अर्थात, आधी झोपू द्या. घरात सात महिन्यांची लेक आहे, भिंगरी.)

परवा दुपारी भिंगरीला खांद्यावर घेऊन मी घरभर फेऱ्या मारत होते. चार दिवस दुपारी तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. मी निम्मी स्वप्नातच! फरशी ढगासारखी मऊ लागत होती, आणि पडदे प्रेक्षकांसारखे हात हलवत होते. तेवढ्यात दार वाजलं. बाटल्यांची सीलबंद पेटी घेऊन तपासनीस बाई हजर!

"लघवीचा नमुना हवाय. तोवर माझ्या नजरेआड व्हायचं नाही."

"आणि मला प्रतिनिधी ठेवायचा हक्क आहे!" मी ऐटीत सासूबाईंना पुढे केलं.

त्यांच्या अंगात वकीलच संचारला. "ओळखपत्र बघू. फोटोत हसताय, मग इथे का नाही?"

"आजी, ड्यूटीवर आहे मी."

"मग बसा. ड्यूटी बसूनही होते."

पण मला लागेचना! अंगावर पाजणारीच्या अंगात पाणी टिकतं होय? एक ग्लास प्यायले, दुसरा प्यायले.

"बेताने हं," बाई म्हणाल्या. "नमुना पातळ झाला तर पुन्हा द्यावा लागेल."

इतक्यात भिंगरीने भोकाड पसरलं. मला फॉर्म भरायचा होता, आणि सासूबाई नियमपुस्तकात बुडालेल्या. शेवटी बाईंनीच हात पुढे केले. "द्या इकडे. दोन वाढवलीत मी."

आणि काय सांगू! तिसऱ्या थोपटीला भिंगरी गप्प. दहाव्या थोपटीला बाईसुद्धा! आरामखुर्चीत दोघींचे श्वास एका लयीत चाललेले, आणि पडद्यातून आलेलं ऊन दोघींच्या पायांवर पसरलेलं.

नेमकी तेव्हाच मला लागली!

"आई, मला जायचंय," मी कुजबुजले.

"मग जा की!"

"एकटी कशी जाऊ? नजरेआड झाले तर चाचणी टाळली म्हणतील. बाळंतपणानंतरची पहिली शर्यत आहे हो पुढच्या महिन्यात! बंदी येईल!"

"मग उठव त्यांना."

"भिंगरी उठेल ना!"

सासूबाईंनी नातीकडे पाहिलं. पुस्तक हळूच मिटलं. "बंदी परवडली," त्या म्हणाल्या.

मी पायावर पाय घट्ट टाकून बसले. स्वयंपाकघरातला नळ थेंब थेंब गळत होता, वैऱ्यासारखा! पण भिंगरीची इवलीशी मूठ बाईंच्या ओळखपत्राच्या दोरीभोवती मिटलेली, ओठांवर दुधाचा बुडबुडा. कसं उठवू हो? वीस मिनिटं गेली. चाळीस गेली. लांब पल्ल्याचा सराव असा कामी येईल असं वाटलं नव्हतं.

अखेर बाई स्वतःच दचकल्या. "अगंबाई! डोळा लागला की!"

मी सुटले! न्हाणीघरापर्यंतच्या त्या दहा पावलांत मी जो वेग काढला, त्याची कुणी नोंद केली असती तर संशय येऊन दुसरी चाचणी लागली असती! मागोमाग बाई, आणि त्यांच्या खांद्यावर भिंगरी, अजून गाढ झोपेत.

बाटल्या सील झाल्या. फॉर्मवर शेवटचा रकाना उरला: खेळाडूची तक्रार किंवा सूचना.

बाईंचा चेहरा उतरला. "लिहा. हक्कच आहे तुमचा."

मी लिहिलं, 'बाईंनी रोज दोन वाजता यावं.'

तेव्हापासून रोज दोनच्या ठोक्याला मी दाराकडे डोळे लावून बसते. बाई काही येत नाहीत. कधी येणार हे खेळाडूला कळू द्यायचं नाही, असा नियमच आहे. तोंडपाठ आहे मला!