काकाजींची जीप काही मधोमध येत नाही

आमच्या शेजारचे मधुकर काकाजी खिशात ओळंबा घेऊन फिरतात. दुसरे लोक खिशात पानाचा डबा ठेवतात, हे दोरीला बांधलेलं पितळी वजन ठेवतात. जन्मभर आमच्या कारंजा गावात आणि आसपास घरं बांधली. आता काम सोडलं, ओळंबा मात्र सुटला नाही. लग्नात गेले की आधी मांडवाच्या खांबाला तो लावतात, एक डोळा मिटतात आणि नवरीच्या बापाला गाठून सांगतात, "सूतभर बाहेर गेला, बाप्पा." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. माझ्या बैठकीची चौकट दोन सूत बाहेर आहे, हे त्यांनी मला भर पंगतीत सांगितलं होतं. तेव्हापासून ती चौकट मला धड दिसत नाही.

अशा माणसाच्या हाती एक उंच केलेली जीप लागली.

जीप त्यांच्या मुलीची. सुजाता नागपूरला बँकेत अधिकारी आहे आणि तिला दगडधोंड्यांतून गाडी घालायचा नाद आहे. "एवढा चांगला हायवे सोडून नाल्यात काऊन जाते, मले समजून नाई राह्यलं," असं काकाजी सगळ्यांना सांगत, पण सांगताना चेहऱ्यावरचं कौतुक काही लपत नसे. तिने स्प्रिंगा बदलून जीप चार बोटं उंच करून घेतली आणि वडिलांना दाखवायला आणली.

आता उंच केलेल्या जीपला एक खोड लागते. पुढच्या आसाला जागेवर धरणारा एक आडवा दांडा असतो, ट्रॅकबार. त्याचं एक टोक वरच्या सांगाड्याला, दुसरं आसाला. सांगाडा वर गेला की दांडा तिरपा होतो आणि आसाला एका बाजूला ओढतो. मग इकडचं चाक बाहेर डोकावतं आणि तिकडचं आत दडतं. चालवणाऱ्याला ते जाणवतंच असं नाही. काकाजींना फाटकातूनच दिसलं.

"गाडी इथंच राहू दे पोरी. मधोमध करून देतो, मग नेजो."

त्यांनी आधी अंगण खोदलं. वाकड्या जमिनीवर माप खोटं येतं म्हणून पाणसळ लावून सिमेंटचा ओटा घातला आणि तो पक्का होईपर्यंत जीपला कुणाला हात लावू दिला नाही. मग वेल्डिंगवाल्याकडून दांड्याच्या टोकाची पकड नव्याने बनवून घेतली. तिचं भोक लांबट, म्हणजे बोल्ट ढिला करून टोक इकडेतिकडे सरकवता यावं.

दर रविवारी सुजाता सकाळच्या बसने यायची आणि बापलेक जीपखाली उताणे पडायचे. डाव्या मडगार्डवरून ओळंबा सोडायचं काम माझ्याकडे; दोरीपासून चाकापर्यंतचं अंतर दोन्हीकडे सारखं आलं की आस मधोमध. "गुरुजी, श्वास नका घेऊ, दोरी हालून राह्यली," असा खालून हुकूम यायचा. जीपखालून दोघांच्या गप्पा ऐकू यायच्या, बँकेतला साहेब, नागपुरातलं भाडं, आईच्या हातचा पाटोडीचा रस्सा. दुपारपर्यंत माप जुळायचं. मग काकाजी म्हणायचे, "आठवडाभर बसू दे. पुढच्या रविवारी तसंच राह्यलं तर नेजो." आणि पुढच्या रविवारी आस पुन्हा सूतभर डावीकडे गेलेला. कधी वेल्डिंगवाला दोषी ठरायचा, कधी स्प्रिंगा, कधी ऊन.

एका शनिवारी संध्याकाळी मी शिडी मागायला गेलो, तर काकाजी एकटेच जीपखाली. हातात पाना. बोल्ट ढिला केलेला आणि हातोडीचे हलके हलके ठोके मारून ते दांडा सरकवत होते.

"काकाजी, हे काय चाललंय?"

ते बाहेर आले, ओट्यावर बसले, हात पुसत राहिले. "गाडी नेली का ते दर रविवारी काऊन येईन, गुरुजी? तिची माय होती तवा येत जाय. माय गेली, मग मह्यापाशी बोलाले काय आहे? वीट न् रेती. जीपखाली मात्र बोलते."

माझ्यातला मास्तर गप्प बसेना. मी म्हटलं, "तिलाही तिच्या नाल्यात जायचं असेल ना?"

काकाजींनी पाना उचलला. मग पुन्हा खाली शिरले, दांडा जागेवर आणला आणि बोल्ट कसला. दोन्ही बाजूंची मापं मी स्वतः पाहिली. तंतोतंत सारखी होती.

रविवारी काकाजी जीपखाली गेलेच नाहीत. किल्ली मुठीत धरून पायरीवर बसले. "तूच पाह्य पोरी. झाली असन." सुजाताने उजवीकडे ओळंबा सोडला, डावीकडे मी. माझं माप मी मोठ्याने सांगितलं. तिने आपल्या बाजूचं पाहिलं, वाकून जीपखालून माझ्याकडे पाहिलं आणि पट्टी मिटली.

"बाबा, अजून थोडी डावीकडं आहे. पुढच्या रविवारी पाहू."

दुसऱ्याच्या मापावर काकाजींनी आजवर विश्वास ठेवलेला नाही. त्या दिवशी त्यांनी बघायलासुद्धा येऊ नये? "असन," एवढंच म्हणाले आणि किल्ली परत खुंटीला अडकवायला आत गेले. जाताना विचारत होते, रस्सा तिखट चालन का.

घरी आलो तर बायकोने विचारलं, झाली का एकदाची जीप सरळ? नाही म्हटलं, आणि मला फार बरं वाटलं.