तक्रार करणारं नाक

एका जंगलात आधी खड्डे आले आणि मग त्या खड्ड्यांना एकमेकांशी जोडायला म्हणून रस्ता आला. त्या रस्त्याच्या कडेला दगडोबा नावाचं एक अस्वल राहायचं. घरात जीव तीनच. दगडोबा, त्याची बायको गिरजा आणि छोटी मुलगी बकुळी. गाडी मात्र सात जणांची. उंच, चौकोनी आणि चांगली जुनी. लहान गाडीतून उतरलेलं अस्वल कुणाच्या नजरेत भरत नाही, असं दगडोबाचं ठाम मत होतं.

मुलांनो, गाडीलाही नाक असतं बरं का. धुराच्या नळीत एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. इंजिनातून आलेला धूर तो दिवसभर हुंगतो आणि त्यात प्राणवायू किती आहे ते सांगतो. फारच बिनसलं तर चालवणाऱ्यासमोर एक पिवळा दिवा लागतो. हुंगणं आणि खरं सांगणं एवढंच त्याचं काम. अशा नोकरीत बढती मिळत नाही.

एके दिवशी दगडोबासमोर तो पिवळा दिवा लागला.

दगडोबाला काळजी वाटली नाही. त्याला अपमान वाटला. आपल्याच गाडीनं आपल्याला डोळे वटारून दाखवावेत? तो तडक तरसाच्या गॅरेजात गेला.

तरसाचा शर्ट पांढराशुभ्र होता. गॅरेज चालवणाऱ्याचा शर्ट इतका पांढरा कसा, हा प्रश्न त्या जंगलात कुणालाही पडला नव्हता. तरसाजवळ एक यंत्र होतं. त्याची वायर त्यानं गाडीला जोडली. यंत्रावर एक नंबर उमटला.

"सेन्सरचा कोड आलाय, आप्पा. तो म्हणतोय, धुरात प्राणवायू फार आहे."

"मग आहे का फार?" दगडोबानं विचारलं. आयुष्यात त्यानं विचारलेला हा एकमेव शहाणा प्रश्न होता.

तरस खो खो हसला. "आप्पा, तक्रार कोण करतंय?"

"सेन्सर."

"मग बिघडलंय कोण?"

"सेन्सर!" दगडोबा आनंदानं ओरडला. आपल्याला गाड्यांमधलंही कळतं, याचं त्याला फार कौतुक वाटलं.

खरं सांगू का मुलांनो? धुराची नळी इंजिनाजवळच तडकली होती. त्या फटीतून बाहेरची हवा आत शिरत होती आणि आतला धूर बाहेर पडत होता. सेन्सर बिचारा जे हुंगत होता तेच सांगत होता. सकाळी गाडी थंड असताना नळीतून टिक टिक आवाजही यायचा. गाडीखाली शिरून नुसता हात फिरवला असता, तरी पंजाला काजळी लागली असती. पण गाडीखाली शिरलं की शर्ट मळतो. तरसानं सेन्सर बदलला.

दिवा विझला. दोन-चार दिवसांनी पुन्हा लागला.

"पीसच खराब निघाला," तरस म्हणाला आणि त्यानं दुसरा बसवला. तोही खोडसाळ निघाला. तोही खरंच बोलू लागला.

इकडे बकुळीचं निराळंच सुरू झालं होतं. गाडीत बसली की तिचं डोकं दुखायचं. डोळे जड व्हायचे. मग उलटी.

"पोरीला गाडी लागते," दगडोबा म्हणाला. त्यानं तिच्या तोंडात आवळासुपारी कोंबली. काचा मात्र उघडू दिल्या नाहीत. एसी लावलेल्या गाडीच्या काचा उघड्या दिसल्या तर एसी आहे हे लोकांना कळणार कसं?

गिरजा गप्प बसणारी नव्हती. ती म्हणाली, "अहो, गाडीत धूर येतोय. माझंही डोकं धरतं. पोर घरी हुंदडते, गाडीत मलूल होते. खाली उतरवून वाऱ्यावर बसवली की परत हसायला लागते. ही गाडी लागणं नव्हे."

"तुझं नाकच फार तिखट आहे."

तिनं तरसालाही तेच सांगितलं. तरसानं तिच्याकडे पाहिलं, मग यंत्राकडे पाहिलं.

"वहिनी, यंत्रात तुमच्या नाकाचा कोड येत नाही."

दगडोबाला हे उत्तर इतकं आवडलं की त्यानं ते पुढे आठवडाभर भेटेल त्याला ऐकवलं. मग तरसानं कायमचा इलाज केला. त्यानं त्या पिवळ्या दिव्याचा बल्बच काढून टाकला. दगडोबानं घरी जाऊन सांगितलं, "झाली एकदाची गाडी दुरुस्त."

गिरजेच्या बहिणीकडे बारसं होतं. घाटापलीकडे. तिघंही गाडीत बसून निघाली. काचा बंद, एसी सुरू. अर्धा घाट चढला तेव्हा गिरजेनं मागे वळून हाक मारली.

"बकुळी?"

उत्तर आलं नाही.

"बकुळे!"

पोरीची मान एका बाजूला कलली होती.

"गाडी थांबवा!"

"घाटात? मागून गवे येतायत. ते काय म्हणतील?"

गिरजेनं त्याचा कान असा पिरगळला की गाडी आपोआप थांबली. पोरीला उचलून ती बाहेर धावली आणि तिला वाऱ्याच्या झोतात आडवी केली. दगडोबा मागोमाग धावला आणि पंजानं तिला वारा घालू लागला. मुलांनो, त्या वेळी तो खरोखर घाबरला होता, आणि त्या थोड्या वेळापुरता तो चांगला बापही होता. मग बकुळीनं डोळे उघडले, पाणी मागितलं आणि त्याची भीती विरली. तिच्याबरोबर अक्कलही विरली.

"बघ, म्हटलं नव्हतं? गाडीच लागली होती. चला, बसा."

"आम्ही चालत येतो," गिरजा म्हणाली. "तुम्हीही उतरा."

"आणि गाडी?"

"राहू दे इथंच."

"बारशाला मी चालत जाऊ? साडूसमोर?"

गिरजा पोरीचा हात धरून चालू लागली. दगडोबानं दार आपटलं आणि गाडी पुढे काढली.

काय निवांत वाटलं म्हणता! मागे उलटी नाही, शेजारी कटकट नाही, समोर दिवा नाही. गाडीत आता तक्रार करणारं कुणीच उरलं नव्हतं. जुन्या गाड्यांची बैठक काही औरच, असं दगडोबाला वाटलं. त्याला जांभई आली. मग दुसरी आली. मग डोळे मिटले. रस्ता उजवीकडे वळला. गाडी वळली नाही.

खाली करवंदीची दाट जाळी होती म्हणून वाचला. गिरजा धापा टाकत पोचली, तिनं त्याला पाय धरून बाहेर ओढलं आणि श्वास नीट सुरू होईपर्यंत गालांवर चापट्या मारल्या. त्यातल्या दोन-तीन जास्तीच्या होत्या, पण त्या तिच्या हक्काच्या होत्या.

गव्यांनी तरसाला बोलावून आणलं. त्यानं जाळीच्या काट्यांपासून शर्ट सांभाळत चेंदामेंदा झालेल्या गाडीला वायर जोडली. गाडीत जीवच नव्हता. यंत्र कोरं राहिलं.

"एकही तक्रार नाही!" तरस ओरडला.

दगडोबानं क्षीण आवाजात विचारलं, "म्हणजे गाडी चांगली होती?"

"फर्स्टक्लास, आप्पा. झोप तुम्हाला लागली, गाडीला नाही."

दगडोबाच्या सुजलेल्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. गिरजेनं त्याच्याकडे एकदा पाहिलं, बकुळीला कडेवर घेतलं आणि ती बारशाला निघून गेली.

तात्पर्य: बाळांनो, गाडीत, घरात किंवा राज्यात काही बिनसलं, तर सगळ्यात आधी जो बोलेल त्याला काढून टाकावं. बिघाडाला मात्र कधी हात लावू नये. तो बिचारा कुणाला काही म्हणत नाही.