फोन सासूबाईंनी उचलला

फिटरची नोकरी जाऊन पाच महिने झाले होते. मंदी आली म्हणून कारखान्याने निम्मी माणसं घरी बसवली, त्यात हाही आला. तेव्हापासून बायको शिवणकामाला जादा पाळी करत होती आणि फिटर घरातले नळ दुरुस्त करत होता. जे गळत नव्हते तेसुद्धा. अखेर पंपांच्या एका कारखान्यात मुलाखत झाली. "गुरुवारी फोन करू," साहेब म्हणाले.

गुरुवारी सकाळी फिटरने अंगभर साबण लावला आणि फोन वाजला. बायको कामावर गेलेली. फोन सासूबाईंनी उचलला.

"पंपांच्या कारखान्यातून बोलतोय. नोकरीसंबंधी जरा..."

गेल्याच महिन्यात शेजारच्या सुताराला कुणीतरी अशाच फोनवरून गंडा घातला होता. सासूबाई सावध झाल्या.

"नोकरी? अरे वा! कुठेशी आला कारखाना? मालक कोण? कामगार किती? त्यातले हाकलले किती? खरं सांग!"

"एकतीस," पलीकडचा आवाज बारीक झाला.

"लाज नाही वाटत गरिबांना फसवायला? आई आहे ना तुला? तिचा नंबर दे आधी!"

न्हाणीघरातून फिटर ओरडला, "आई, कोण आहे?"

"कुणी नाही, जावईबापू. भामटा होता. असा सरळ केलाय, जन्मात फोन करायचा नाही!"

फिटर टॉवेलवरच बाहेर आला आणि नंबर पाहिला. कारखान्याचाच! उलट फोन केला तर कुणी उचलेना. मग कानामागे साबण, अंगात उलटा शर्ट, अशा थाटात त्याने कारखाना गाठला.

साहेब घाम पुसत बसले होते. "मघाशी बोलल्या त्या कोण?"

"सासूबाई, साहेब. माफ करा. तुम्ही नोकरी द्यायला फोन केलात आणि त्यांनी..."

"द्यायला कसला? तुमची निवड झाली नाही, हे सांगायला केला होता. पण त्यांनी बोलू दिलं तर ना!"

हसावं की रडावं, फिटरला कळेना. तो उठला.

"थांबा हो. आम्हाला माल पुरवणारे महिनोन्‌महिने थापा मारतात, आमच्या माणसांना धूप घालत नाहीत. तुमच्या सासूबाईंनी तीन मिनिटांत माझ्याकडून माझ्या आईचा नंबर काढून घेतला. त्या नोकरी करतील का?"

सोमवारपासून सासूबाई कामाला लागल्या. अडलेला माल पंधरवड्यात दारात आला, बंद यंत्रं चालू झाली आणि फिटरच्या दोन जागा निघाल्या. फिटरने पुन्हा अर्ज टाकला.

"आता काळजी कसली?" बायको म्हणाली. "आईच आहे तिथे."

मुलाखतीला साहेबांशेजारच्या खुर्चीतून सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "बसा. नाव?"

फिटर हसला. सासूबाई हसल्या नाहीत. नाव, अनुभव, सगळं रीतसर विचारून झाल्यावर त्या साहेबांकडे वळल्या.

"घरी चौदा वर्षं बघतेय यांना. माणूस चांगला आहे," त्या म्हणाल्या, "पण तीन महिने तात्पुरताच घ्या."