वाघाची उजवी बाजू

फ्लेक्सवर चुकीचा वाघ दिसला की आमचा नरसय्या भरला चहा ठेवून उठतो. पुढाऱ्याच्या फोटोच्या डाव्या हाताला एक वाघ, उजव्या हाताला तोच उलटा करून चिकटवलेला. झालं! "महादू, ऊठ. ह्यो वाघ न्हाय, उलटा केलेला शर्ट हाय!" सोलापुरात असे फ्लेक्स किती, त्यावरून आमचे किती चहा वाया गेले ते बघा.

मी चौथी नापास. नरसय्यानं चौथी बघितलीच नाही. चाळीस वर्षं आमचे चादरीचे माग शेजारी-शेजारी खडखडले. तरी वाघातलं आम्हाला शिकवायला कुणी येऊ नये, हे आधीच सांगून ठेवतो.

एकदा कारखान्यात वाघाच्या चादरीची ऑर्डर आली. समोरासमोर दोन वाघ. आमची रीत अशी, की नक्षी एकाचीच काढायची, समोरचा म्हणजे त्याचाच उलटा. निम्मी मेहनत वाचते. नरसय्या अडला. "खरा वाघ बघितल्याबिगर हात लावणार न्हाय."

मग आम्ही प्राणिसंग्रहालयात. डावी बाजू कागदावर उतरली आणि वाघ झोपला. मालकाला अरे-तुरे करणारा हा माणूस जाळीसमोर हात जोडून म्हणतो, "अवो, जरा तिकडं वळा की!" तीन रविवार वळले नाहीत. चौथ्याला वळले. उजवे पट्टे पार वेगळे! एका वाघाच्या दोन बाजू जुळत नाहीत, आणि एकासारखा दुसरा वाघ जगात नसतो. नरसय्यानं समोरासमोर एकाच वाघाच्या दोन खऱ्या बाजू विणल्या.

मालक म्हणाला, "गिऱ्हाईक पट्टे मोजतं का रे?"

"वाघ मोजतो," नरसय्या म्हणाला.

तशी ती एकच चादर निघाली. त्याच्याच घरी आहे.

परवाच्या हिवाळ्यात विदर्भातून चालत चालत वाघ बार्शीकडे आला. माझ्या लेकीच्या गावात त्यानं कालवड मारली. वनखात्याच्या कॅमेऱ्यातले दोन फोटो फोनवर फिरले, एकात डावी बाजू, दुसऱ्यात उजवी. पट्टे जुळेनात. गाव म्हणालं, जोडी आली, आता पिल्लं होणार! ज्वारीच्या रानात कुणी जाईना. लेकीचा फोन आला, "आबा, पोरं मेलेल्या कालवडीत विष घालायचं म्हणत्यात."

नरसय्यानं फोटो बघितले, चादर पिशवीत घातली, आणि आम्ही एसटी धरली. चावडीवर त्यानं ती पसरली.

"दोन दिसत्यात न्हवं? एकच हाय. तसंच तुमचं. फोटोतली शेपटी बघा. टोकाकडनं तिसरं काळं कडं, दोनी फोटूत तुटकं."

"मामा, कुठल्या कॉलेजात शिकला?" एक पोरगं हसलं.

"चादरीच्या. तू पांघरून झोपतोस त्या."

कालवड बघायला आलेला वनरक्षक फोटो मोठा करून बघत राहिला. मग म्हणाला, "बरोबर आहे. एकच नर आहे, तरणा. आईचं रान सोडून स्वतःचं शोधत आलाय. मादी नाही मिळाली तर पुढं जाईल." गावासमोर कालवडीच्या भरपाईचा पंचनामा झाला, विषाची बाटली परत माळ्यावर गेली. सरकारी माणसाला आमच्या मागावरच्या माणसानं वाघ ओळखून दिला! जुळे सोलापूर वसाहतीतल्या माझ्या इंजिनियर पुतण्याला मी हे दर खेपेला ऐकवतो.

परतताना मी छाती काढून बसलो होतो. नरसय्या खिडकीबाहेर बघत होता. "एवढं चालून आलं," बार्शीपासून सोलापूरपर्यंत तो एवढंच बोलला, "आन् हितं त्याच्यासारखं कुणीच न्हाय." जाळीतल्या वाघाला 'अवो' म्हणणारा हा माणूस, ह्याला लेकरासारखं 'आलं' म्हणाला. त्याची बायको, आमची लक्ष्मीवहिनी, जाऊन तीन वर्षं झाली. पोरगा सुरतेला मागावर.

गेल्या आठवड्यात चहाच्या गाडीसमोर नवा फ्लेक्स लागला. डावीकडे वाघ, उजवीकडे तोच उलटा, अगदी तोंडाला तोंड. मी आपला चपलेत पाय घातला. नरसय्यानं बशीत चहा ओतला.

"ऊठ की," मी म्हणालो. "उलटा शर्ट हाय."

"बस गप," तो म्हणाला. "ऱ्हाऊ दे. तेवढीच त्याला सोबत."