झाकणाला हात लावायचा नाही

उद्या दोरीवर कपडे वाळत घालू नका, असं धाकट्या जावयाने शेजारणीला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. तिने कारण विचारलं, तर म्हणाला, सासरे येणार आहेत. सासऱ्यांचा आणि कपड्यांचा काय संबंध, हे तिला काही कळलं नाही. पण त्याचा चेहरा बघून तिने जास्त चौकशी केली नाही.

संबंध होता तो धुराच्या पेटीचा. ही पेटी म्हणजे तेलाचं एक जुनं पिंप. सासऱ्यांनी ते आडवं पाडून कापलं होतं आणि त्याला बिजागरीचं झाकण, आत लोखंडी जाळी, एका टोकाला कोळशाची जागा आणि दुसऱ्या टोकाला धुराडं बसवलं होतं. त्यांनी जन्मभर डुकराच्या मटणाचं दुकान चालवलं आणि सुटीच्या दिवशी याच पेटीत मांस धुरावर शिजवून घरादाराला खाऊ घातलं. मग सासूबाई गेल्या, दुकान बंद झालं, सासरे मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले आणि पेटी तात्पुरती म्हणून धाकट्या जावयाच्या परसात आली. तिच्या मागोमाग दर रविवारी सासरेही यायला लागले. एरवी घुम्यासारखा बसून राहणारा हा माणूस पेटीपाशी खुर्ची टाकली की चार शब्द बोलायचा. धाकट्याची बायको आपल्या बाबांच्या त्या चार शब्दांसाठी आठवडाभर वाट बघायची. धाकट्या जावयालाही म्हातारा आवडायला लागला होता, पण जावयाने असलं काही कबूल करायची पद्धत नसते.

अशात थोरल्या साडूंनी गावाबाहेर ऐसपैस बागेचं घर घेतलं आणि पेटी आता आमच्याकडे शोभेल, असं सांगून टाकलं. ते ऐकताच मेहुण्याला अचानक आठवलं की बाबांचा मुलगा आपण आहोत, तेव्हा पेटी आपल्या गच्चीवरच हवी. महिनाभर फोनाफोनी झाली, रुसवेफुगवे झाले. शेवटी सासऱ्यांनीच निकाल लावला. येत्या रविवारी तिघांनी मांसाचा एकेक तुकडा धुराला लावायचा. ज्याचा तुकडा उत्तम, त्याच्या अंगणात पेटी. सगळे तुकडे एकदम आत जातील आणि एकदम बाहेर येतील.

"आणि मी उठेपर्यंत झाकणाला कोणी हात लावायचा नाही," ते म्हणाले. "धुराला एकटं सोडावं लागतं."

रविवारी सकाळी सासरे मांस घेऊन हजर झाले. थोरल्या साडूंना त्यांनी पाठीचा तुकडा दिला. तो नाजूक, आच जरा जास्त झाली की कोरडा पडणारा. मेहुण्याला बरगड्या. धाकट्याच्या वाट्याला आला खांदा, म्हणजे मुलखाचा हट्टी, दिवसभर शिजवलं तरी मऊ व्हायचं नाव न घेणारा. तिघांना तीन तऱ्हेची मांसं देऊन एकाच पेटीत एकाच वेळी शिजवायला सांगणं म्हणजे तीन भावांचा संसार एका चुलीवर मांडण्यातला प्रकार होता. कापताना पोटाकडची एक चरबीची पट्टी उरली होती. "ही कुत्र्याला," म्हणत सासऱ्यांनी ती धुराड्याजवळच्या आकड्याला अडकवली, कोळसे पेटवले, झाकण लावलं आणि टोपी नाकावर ओढून खुर्चीत डोळे मिटले. घरचा कुत्रा त्यांच्या पायाशी पसरला.

धाकटा जावई कुलपं दुरुस्त करायचा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं त्याने आदल्या दिवशीच पेटीच्या बिजागरीला तेल घातलं होतं. पूर्वी झाकण उघडलं की ते गल्लीभर किंचाळायचं. आता ते लोण्यातून सुरी फिरावी तसं उघडत होतं. त्याचा विचार इतकाच होता की मध्येच एकदा खांदा जरा आचेकडे सरकवावा. बिजागरी सगळ्यांसाठीच गप्प झाली आहे, हे मात्र त्याच्या ध्यानात आलं नाही.

त्याने साडूंना चहाला आत पाठवलं, मेहुण्याला बर्फ आणायला पिटाळलं आणि खांदा कोळशाला भिडवला. वर आणखी कोळसेही घातले. थोड्या वेळाने तो पाणी प्यायला आत गेला, तेव्हा साडू बाहेर आले. ते रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत होते आणि खिशात थर्मामीटर बाळगून होते. पेटीतली आच त्यात भलतीच चढलेली दिसली. त्यांनी निम्मे कोळसे चिमट्याने बाजूला काढले, हवेचं भोक बंद केलं आणि आपल्या तुकड्यावर सफरचंदाचा रस शिंपडला. मग मेहुणा आला. तो बस चालवायचा आणि पेटी गार पडलेली त्याला गाडी बंद पडल्यासारखी वाटली. त्याने भोक सताड उघडलं, कोळशांना पुठ्ठ्याने वारा घातला आणि बरगड्या मधोमध आणून बाकीचे दोन्ही तुकडे कडेला ढकलले.

दुपारभर हेच चाललं. जो तो दुसऱ्याला कामाला लावत होता आणि आलटून पालटून झाकण उघडत होता. धुराला म्हणून कोणी सुखाने नांदू दिलं नाही. कुत्र्याची पट्टी तेवढी कोपऱ्यात लटकत होती. तिच्याकडे बघायला कोणाला सवड होती?

उन्हं कलली तेव्हा सासरे उठले, फडकं धरून त्यांनी झाकण उघडलं आणि सगळं जाळीवरून ताटात काढलं. खांदा वरून कोळसा झाला होता आणि आतून कच्चा. पाठीचा तुकडा चपलेचा तळ म्हणून खपला असता. बरगड्यांचं मांस अर्धं गळून राखेत पडलं होतं.

"हात दाखवा," सासरे म्हणाले.

"जेवणाआधी धुतो की," मेहुणा म्हणाला.

"न धुता दाखव."

झाकणाच्या मुठीला सासऱ्यांनी सकाळीच काजळी फासून ठेवली होती. तिघांचेही तळवे काळेकुट्ट निघाले. धाकट्याने मान खाली घातली आणि तेव्हा त्याला दिसलं की शेजारी उभ्या असलेल्या बायकोचा हातही पदराआड चाललाय.

"तू पण?"

"तुमचा खांदा कडेला पडला होता हो," ती पुटपुटली. "फक्त मध्ये सरकवला. बाबांनी इथेच यावं म्हणून." तिचे डोळे भरून आले आणि ते त्याच काळ्या हाताने पुसल्यामुळे चेहऱ्याचीही शोभा झाली.

सासऱ्यांनी तिन्ही तुकड्यांचा एकेक घास चाखला आणि शांतपणे बाजूला काढून ठेवला. मग आकड्यावरची पट्टी उतरवली. ती मधासारख्या रंगाची झाली होती. त्यांनी सुरी ठेवली मात्र, ती आपोआप खाली गेली. एक काप तोंडात टाकून त्यांनी डोळे मिटले. सासूबाई गेल्यापासून त्यांच्या चेहऱ्यावर असलं समाधान कोणी पाहिलं नव्हतं.

"उत्तम," ते म्हणाले. "ही कोणाची?"

"कुत्र्याची," धाकटा जावई म्हणाला.

"मग ठरल्याप्रमाणे पेटी कुत्र्याच्या अंगणात." सासऱ्यांनी पायाशी बघितलं. "हा राहतो कुठे?"

कुत्रा कुठे राहतो हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी त्यांनीच ते पिल्लू याच घरी आणून दिलं होतं.

"आयत्या बिळावर नागोबा," मेहुणा करवादला. साडूंनी नियमांवर बोट ठेवायला तोंड उघडलं, पण स्वतःच्या तळहाताकडे बघून मिटलं. कुत्र्याने पाठीचा तुकडा हुंगला आणि तो निघून गेला. उरलेल्या पट्टीचे सगळ्यांनी काप करून खाल्ले आणि बायकोने घाईघाईने भात टाकला.

निघताना सासरे पेटीपाशी थांबले. झाकण त्यांनी एकदा उघडून मिटलं. आवाज आला नाही. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि बिजागरीवरचं तेल नीट पुसून काढलं. मग कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"रविवारी येतो रे," ते त्याला म्हणाले. फाटकापर्यंत जाऊन त्यांनी मागे वळून बघितलं. "जावईबापू, तुम्हीही बसा हवं तर. खुर्ची मात्र तुमची तुम्ही आणा."